बोटं ओळखणारे भाऊ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. भाऊंच्या गटाचं कुलूप मी काढलं होतं. भाऊंनी कोणाचं काही बाहेर सांगितलं नव्हतं. जे बाहेर गेलं ते माझ्या हातून गेलं, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, माऊसच्या एका टिचकीनं.

गट कसला, कुलूप कसलं, ते सांगतो. पण आधी भाऊ सांगायला हवेत, आणि ते सरळ ओळीत सांगता येत नाहीत. ते मला अजूनही दुपारच्या झोपेत दिसल्यासारखे दिसतात. दुकानाचा हिरवा पडदा, त्यातून येणारा पाण्याखालचा वाटावा असा उजेड, आणि त्या उजेडात खुर्चीच्या टोकावर बसलेला एक बारीक माणूस.

भाऊ सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा निवृत्त झाले होते, पण निवृत्तीची खबर त्यांच्या हातांपर्यंत पोचली नव्हती. ते माणसाचा चेहरा पाहत नसत, बोट पाहत. सारी उमर बोटांना सुई टोचण्यात गेलेली. रस्त्यात कोणी नमस्कार केला की त्यांची नजर जोडलेल्या हातांवर जायची आणि तिथेच थांबायची.

"तुह्यं बोट पाह्यलं आहे मी," ते म्हणायचे. "नदीपल्याडचा ना तू? लहानपणी लय रडला होता."

समोरचा बाप्या दोन पोरांचा बाप झालेला असायचा. तो आपलंच बोट उलटसुलट करून पाहायचा.

दुसरं म्हणजे, काही नीट बघायचं झालं की भाऊ डावा डोळा मिटत. सूक्ष्मदर्शकाची सवय. पेपर वाचताना एक डोळा, भाजी निवडताना एक डोळा. बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "माह्यं तं अर्धंच तोंड पाह्यलं यायनं लग्नापासून."

आमच्याकडे बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, मग सांधे ठणकतात, ताप येतो, पोरं शाळा सोडून घरी बसतात. काहींना स्वतःला त्रास नसतो, पण रक्तात ते असतं, आणि तशा दोघांचं लग्न झालं तर पोरांना होऊ शकतं. म्हणून लोक लपवतात. घरात एकाला आहे म्हटलं की सगळ्या घराच्या सोयरिकी अडतात. भाऊ त्या रोगाचं नाव तोंडानं घेत नसत. ते 'कोर' म्हणत. चंद्रकोरीतली कोर.

"तुह्या पोराच्या रक्तात कोर आहे," ते आईला सांगायचे. "पुरा चंद्र नाई, कोर आहे. अमावस्या तं नाई ना? मंग रडून काऊन राह्यली?"

असं सांगितल्यावर ती बाई रडायची थांबते हे मी स्वतः पाहिलंय.

निवृत्तीनंतर भाऊंनी एक वही काढली होती. कोर असलेल्या घरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. दुखणं आलं तर काय करता, शेक कशाचा देता, पोराला मास्तर काय म्हणाले, असलं सगळं त्यात लिहायचं. वही कापडी पिशवीतून बसनं फिरायची. ओळखीचा एक कंडक्टर ती गावोगाव पोचवायचा. वहीत कोणाचं नाव नसे. भाऊंनी प्रत्येक घराला एका झाडाचं नाव दिलं होतं. येन, धावडा, बिजा, मोह, सालई. कोणतं झाड म्हणजे कोण हे फक्त भाऊंना ठाऊक.

मग त्या कंडक्टरची बदली झाली. नव्या माणसानं वही तीन दिवस डेपोतल्या टेबलावर उघडी टाकली. भाऊंनी ती परत आणली, पेटीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले.

गडचिरोलीत बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. चार मशीन, टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, मागच्या खोलीत शिकवणीचा वर्ग. भाऊ आत आले, मागच्या नळावर हात धुतले, पुसले, एका मॉनिटरसमोर नाक लागेल इतके वाकले आणि डावा डोळा मिटला.

"याचा फोकस कुठून होते?"

"आपोआप होतो, भाऊ."

"बरं. बाबू, मले एक खोली पायजे. भाड्याची चालन, फुकट असन तं आणखी बरं. पण दार आतून लागलं पायजे."

"कुठी पाहू, भाऊ? तुमच्या मोहल्ल्यात?"

"नाई. तुह्या या डब्यात."

त्यानंतर कित्येक आठवडे ते रोज तीनच्या सुमारास यायचे. इंटरनेट जोडताना मोडेमची किरकिर खरखर सुरू झाली की डोळे मिटून, दोन्ही, ऐकायचे. "पलीकडं कोणी खाकरून राह्यलं," म्हणायचे. "येऊ दे त्याले. घाई नोको करू." ते दिवस आठवले की मला त्यांतल्या तारखा आठवत नाहीत, नुसता पंख्याचा आवाज आठवतो. लाईन तुटायची, परत जोडायची. बाहेर सागाची वाळकी पानं रस्त्यावरून घसरत जायची. आम्ही दोघं त्या डब्यात खोली शोधत होतो, आणि मला वाटायचं की खरोखर कुठेतरी जंगलात एक खोली आहे, आणि आपण तिच्या आसपासच फिरतोय.

जागा तपासायची भाऊंची रीत रक्त तपासायची होती. प्रत्येकीला तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि उत्तरं पेन्सिलीनं. आत येणाऱ्याला कोण ओळखणार? किल्ली कोणाकडे? आपण मेलो तर बोलणं कुठे जाणार? शेवटचा प्रश्न बाईंचा होता. बाईंनी तोवर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. दुकानामागच्या स्टोव्हवर मी चहा ठेवायचा, आणि चहाला उकळी येईपर्यंत बाईंनी एकटीनं आत शिरून एक निरोप वाचून दाखवायचा. जमलं तर जागा पास.

नागपूरच्या एका ओळखीच्या पोरानं स्वतंत्र वेबसाईट करून देतो म्हटलं. दरसाल पैसे भरायचे होते. भाऊ म्हणाले, "एखादं साल चुकलं तं? सारी माणसं रस्त्यावर येतील." दुसरी जागा गप्पांची होती, जिथं सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहायचं. ती दारातच नापास झाली. बसच्या वेळा सगळ्यांच्या वेगळ्या. शिवाय आम्ही आत असताना कोणी परका सारखा विचारत होता, मुलगा की मुलगी. भाऊंनी मला टाईप करायला लावलं, म्हातारा. तो निघून गेला.

तिसरी मला आवडली होती. चर्चेचा फळा म्हणतात तसली. मांडणी भारी, खण पाडता येतात, कोणी काय पाहावं हे बारीक ठरवता येतं. मी आठवडाभर खपून ती उभी केली. बाई बसल्या. एक यादी उघडली, तिच्यातून दुसरी उघडली, तिसरी उघडली, आणि मागे चहा ऊतू गेल्याचा वास आला.

"हे तं कचेरी आहे बाप्पा," बाई उठत म्हणाल्या. "या टेबलावरून त्या टेबलावर."

चौथी जागा फुकटची होती. ईमेलचा गट. एकानं लिहिलं की सगळ्यांना जातं, आणि सगळं एका पानावर साठून राहतं. बाजूला जाहिराती लुकलुकायच्या. त्यांतली एक वजन कमी करायची होती. भाऊंनी ती एका डोळ्यानं पाहिली. "आपल्या लोकाईचं आणखी कमी कराले निघाले हे." पण बाईंनी चहाला उकळी यायच्या आत निरोप वाचला. मी भाऊंना सेटिंगचं पान दाखवलं. इथे निवडलं की फक्त सभासदांनाच वाचता येतं. नवा माणूस तुम्ही हो म्हटल्याशिवाय आत येत नाही. भाऊंनी ती खूण स्वतःच्या बोटानं माऊस दाबून केली.

सगळ्यांचे ईमेल मी काढून दिले. तिथे पहिली चूक झाली, ती मला तेव्हा चूक वाटली नाही. फॉर्म नाव, आडनाव, गाव मागत होता. झाडांची नावं टाकली तर लोक विसरतील म्हणून मी खरीच टाकली. पहिला निरोप आला तेव्हा भाऊ वाकून बघत होते.

"नावं दिसून राह्यली काऊन?"

"आतल्यांनाच दिसतात, भाऊ. बाहेर कुलूप आहे."

त्या दिवशी ते खरं होतं.

दिवाळीनंतर गट सुरू झाला. माणसं बाजाराच्या दिवशी यायची, कामं उरकायची आणि माझ्याकडे येऊन बसायची. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर शोधून. भाऊ मागे उभे राहून वाचायचे. एका आईनं लिहिलं होतं की थंडीत पोराचे गुडघे धरतात, मी चुलीवर वाळू गरम करून फडक्यात बांधते. दुसरीनं विचारलं होतं, नदीची वाळू का नाल्याची. एका बापानं फक्त एवढंच लिहिलं होतं की आज पोरगा धावला. भाऊ माणसांची नावं वाचतच नसत. "येननं लिहिलं पाहा," म्हणायचे. "धावडा लय दिवसाचा गप्प आहे." पडद्याआडच्या त्या उजेडात मला खरंच झाडं बोलताना ऐकू येत असत.

होळीच्या आसपास, मोह फुलला होता तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नव्हते. तीनदा चुकलं की ईमेल अडकायचं, मग मी ते सोडवायचो. एक म्हातारी सलग दोन बाजार दोन बसा बदलून आली होती आणि दोन्ही वेळा न वाचता परत गेली होती. तिसऱ्यांदा आली. शिकवणीच्या पोरी मागे खोळंबल्या होत्या, बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी सेटिंगच्या पानावर गेलो आणि 'फक्त सभासद' होतं तिथे 'सर्वांना' केलं. पासवर्डशिवाय पान उघडलं. म्हातारीला दाखवलं. तिनं सगळं वाचून घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

थोडी दया होती. कंटाळा जास्त होता. संध्याकाळी परत बंद करू असं मनात होतं, पण लाईट गेली. दुसऱ्या दिवशी आठवलंही होतं. पण तेवढ्यात लोक म्हणायला लागले, आता कसं सुधं झालं, आता काही मागत नाही. भाऊंनीही पाठ थोपटली, चारोळीचा पुडा आणून दिला. मी काही बोललो नाही आणि कुलूपही लावलं नाही.

सालई म्हणजे नागभीडजवळच्या एका गावातलं घर. धाकट्या मुलाला त्रास होता. थोरल्या मुलीला त्रास नव्हता, पण कोर होती. तिचं लग्न घुग्घुसच्या मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात. चैत्रात तिनं माझ्या दुकानात बसून गटावर लिहिलं. मला ते शब्द अजून पाठ आहेत. साक्षगंधाच्या आधी मी त्यांना स्वतः सांगणार आहे, दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. कसं सांगू, कोणी सांगितलं असेल तर लिहा.

बऱ्याच जणांनी लिहिलं. भाऊंनी उत्तर मला तोंडी सांगितलं आणि मी टाईप केलं. "तुही गोष्ट आहे, तूच सांग. पण लवकर सांग. आणि त्यालेही बोट टोचून घे म्हणा. लपून राहते ते एकट्या पोरीचंच थोडी असते." तिनं लिहिलं, रविवारी ते लोक येणार आहेत, तेव्हा सांगते.

रविवार उजाडलाच नाही तिच्यासाठी. मुलाचा मोठा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं सहज म्हणून मुलीचं नाव आणि गाव टाकून शोधलं. वरच तिचं पत्र आलं, तिच्या धाकट्या भावाच्या दुखण्यासकट, खाली सगळ्यांची उत्तरं, सगळ्यांची नावं, सगळ्यांची गावं. बुधवारी मध्यस्थ आला तो मुलीच्या घरी नाही, आधी पारावर गेला. या घरचं रक्त खराब आहे, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. बाकीची नावंही सांगितली.

मला हे गुरुवारी सकाळी कळलं. मी आधी शटर अर्धं ओढलं, मशीन चालू केली, आणि 'सर्वांना' होतं तिथे परत 'फक्त सभासद' केलं. मग भाऊंचं बोलावणं आलं.

भाऊंच्या अंगणात मुलीचे वडील होते, आणखी दोन घरची माणसं होती. कोणी बसलं नव्हतं. पुण्याच्या भावानं ते कुठे वाचलं हे मध्यस्थानं सांगितलंच नव्हतं. लोकांना एवढंच ठाऊक होतं की गटातली घरं स्वतःचंच बिंग फुटेल म्हणून बोलणार नाहीत, आणि या सगळ्या घरांचं रक्त तपासलेला माणूस एकच आहे.

"भाऊ, आमी तुमच्याजवळ बोट देल्लं," मुलीचे वडील म्हणाले. "तोंड नोतं देल्लं."

"गावात कोणी पाणी घेऊन नाई राह्यलं आमच्या हातचं," दुसरा म्हणाला. "आता ठेवा झाडाची नावं, नाई तं डोंगराची ठेवा."

भाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं. हातांकडे नाही, चेहऱ्याकडे. दोन्ही डोळे उघडे होते.

"बाबू, कुलूप होतं ना?"

"होतं, भाऊ," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

भाऊ त्या लोकांकडे वळले. "मंग माह्याच तोंडातून गेलं असन," म्हणाले. "म्हातारपण आहे. बोललो असन कुठी."

मुलीचे वडील फाटकाकडे गेले, बाकीचे त्यांच्यामागे, आणि भाऊ घरात गेले. बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा अंगणात मी एकटाच उभा होतो.

गट रिकामा झाला. पण खरं नुकसान ते नव्हतं. भाऊ निवृत्तीनंतरही थंडीच्या दिवसांत सुईची पेटी घेऊन गावोगाव जायचे. दवाखान्याच्या गाडीबरोबर, कधी बसनं. पोरांची बोटं टोचायचे. त्या साली गेले तर आयांनी पोरांच्या मुठी आपल्या हातात दाबून धरल्या. एका गावात मी सोबत होतो. भाऊ झाडाखाली पेटी उघडून बसले, काचा फडक्यानं पुसून ओळीनं मांडल्या, आणि संध्याकाळी तशाच कोऱ्या परत भरल्या. येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. जंगल सरकत होतं. मला वाटलं, आत्ता सांगावं. पुढच्या थांब्यावर सांगावं. तेवढ्यात गडचिरोली आलं.

दोनेक वर्षांनी भाऊ गेले. तेरवीनंतर मी बाईंकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यायले मालूम होतं, बाबू."

मी उंबऱ्यावरच बसलो.

"मले कवा पासवर्ड लागला? होळीपासून तं मी तसंच उघडून वाचत होती. ते लोक गेले त्याच दिवशी मी त्यायले सांगतलं."

"मग ते मला बोलले का नाहीत?"

"म्हणे, येईन तो. सांगन." बाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "तीन वाजले का बाहेर खुर्ची टाकून बसत. मले म्हणत, चहात एक कप जास्त टाक. किती दिवस टाकला मी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं.

एवढं कळल्यावरही मी काही केलं नाही, आणि आणखी एक सांगायचं आहे. मागच्या साली नागभीडच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. एक बाई समोर येऊन थांबली.

"सर, ओळखलं नाई का?"

आवाजावरून ओळखलं. सालईच्या घरची मुलगी. आता बालवाडीत शिकवते. लहान भाऊ बरा आहे, औषध चालू आहे. तिनं आपल्या घराचं सांगितलं त्यात नवऱ्याचा उल्लेख नव्हता, आणि मी विचारलं नाही. दुकान आहे का अजून, तिनं विचारलं. नाही म्हटलं, मोबाईल आल्यावर कोण येतं. मग आम्ही दोघं रुळांपलीकडच्या धानाच्या बांध्यांकडे बघत उभे राहिलो. कापणी झाली होती, धुकं अजून जमिनीला धरून होतं.

"भाऊ चांगले होते," ती म्हणाली. "आता मले राग नाई त्यायचा. पण त्यायनं असं कराले नोको होतं, सर. मी सांगणारच होती ना त्याले. रविवारी."

"हो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. गाडी आली, ती बायकांच्या डब्याकडे गेली. मी चढलोच नाही. गाडी गेल्यावरही बराच वेळ फलाटावर बसून होतो.

मी देणं लागतो ते असं. नागभीडजवळच्या त्या घरी जायचं, तिचे वडील अजून आहेत, त्यांच्या आणि तिच्या समोर उभं राहायचं, आणि सांगायचं की भाऊंच्या तोंडून तुमच्याबद्दल कधी एक शब्द गेला नाही. कुलूप मी काढलं, नावं मी टाकली, अंगणात खोटं मी बोललो, आणि स्टेशनवर परत बोललो. मग हेच त्या गटातल्या दर घरी जाऊन सांगायचं. अजून एकाही घरी गेलेलो नाही.